ग्रामसभेतली झडती

मी सोमाभाऊच्या खिशात हात घातला. भर ग्रामसभेत. ही माझी चूक, आणि ती आधीच सांगून टाकतो. नंतर सांगायची ठेवली तर मधे कुठंतरी मी स्वतःला वाचवायला बघेन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. ग्रामपंचायत आमच्या मंडळाला सामान देणार होती. आमचं मंडळ वणवा विझवणारं. लोणावळ्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. होळीच्या सुमाराला डोंगरावरचं गवत वाळून खडखडीत होतं आणि कुठून तरी आग लागते. मग आम्ही वर जातो. हिरव्या फांद्या तोडून झोडपतो. गावातली काही पोरं, डोंगराच्या पायथ्याच्या कातकरी वस्तीतली काही माणसं, सोमाभाऊ त्यांतलाच, आणि मी. माझं वेल्डिंगचं दुकान आहे. खंडाळ्याच्या बंगल्यांची गेटं बनवतो. मंडळाचा अध्यक्ष मी, कारण अर्ज मला लिहिता येतो.

टेबलावर ब्लोअर मांडले होते. पाठीला अडकवायचे, जोराचा वारा सोडून आग मागं ढकलणारे. बाजूला बूट. टी-शर्ट, त्यांवर आप्पांचा फोटो. आप्पा म्हणजे सरपंचबाईंचे यजमान. सही बाईंची, शब्द आप्पांचा. हे गावात सगळ्यांना मान्य आहे, बाईंनाही.

आम्ही ओळीनं उभे होतो. आप्पांनी माइक घेतला. गावाच्या विकासाचं बोलले, तरुणांचं बोलले. मग हसत म्हणाले, "सामान देतोय खरं. पन विझवनारंच लावनारं निघायचं. आधी खिसं तपासा यांचं."

मांडव हसला. मीही हसलो. मला वाटलं, बोलले आणि संपलं. पण आप्पा थांबून राहिले. त्यांची नजर ओळीवरून फिरली, माझ्यावरून पुढं गेली आणि सोमाभाऊवर थांबली.

"भाई, ह्या सोम्यापासनं चालू कर. तूच बघ, तुजीच मानसं."

माझं घर गावात चार पिढ्यांचं. आम्ही मुलाणी. जत्रेला पहिला मान आमचा, असं गाव सांगतं. तरी कुठं काही बिनसलं, कुठं दगड पडला, अगदी दुसऱ्या जिल्ह्यात पडला, तरी माझी आई आधी दार लोटून घेते. गर्दीत कुणाचं बोट वर झालं की ते कुणाकडं वळतंय हे मी पहिल्यांदा बघतो. लहानपणापासून बघतो. त्या दिवशी ते माझ्यावरून पुढं गेलं. मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं.

सोमाभाऊनं दोन्ही हात वर केले. त्याला सवय होती. बंगल्यावरची गवतकापणी संपली की गेटवर वॉचमन वस्तीतल्या माणसांची झडती घेतो. ती गेटं मी बनवलेली. त्यानं तसेच हात वर केले. माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

शर्टाच्या खिशात काही नव्हतं. पँटच्या खिशात काडेपेटी होती. मी ती बाहेर काढली. आणि वर धरली. वर धरायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

केवढा हशा झाला. मागून कुणीतरी म्हणालं, "घ्या, मुद्देमाल गावला." आप्पा माइकवर नुसते "अरे अरे अरे" करत राहिले. बाकी कुणाचा खिसा तपासला नाही. काम झालं होतं. माझा तर नाहीच तपासला. माझ्या खिशातही काडेपेटी होती.

ती का होती ते सांगतो. आग अंगावर यायच्या आधी आपणच तिच्या वाटेतली गवताची एक पट्टी जाळून घ्यायची. वारा पडलेला बघून, दोन्ही बाजूंना फांद्या घेऊन माणसं उभी करून, हळूहळू. मग खरा वणवा तिथं येतो, त्याला खायला काही मिळत नाही आणि तो मरतो. आमच्याकडं याला जाळपट्टा म्हणतात. फॉरेस्टच्या गार्डला सांगून आम्ही तो दरवर्षी काढतो. काडी लागतेच. त्या दिवशी सकाळीही आम्ही वरच्या अंगाला पट्टा काढून आलो होतो. सोमाभाऊची पेटी घामानं भिजली होती. म्हणून माझ्याकडच्या दोनांतली एक मी त्याला दिली होती.

म्हणजे मी वर धरली ती माझी काडेपेटी. हातात घेतल्या घेतल्या मला कळलं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी खाली बसलो आणि टाळ्या वाजवल्या.

नंतर चहा झाला. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात टाकून मला बाजूला घेतलं. ब्लोअर पंचायतीच्या खोलीत राहतील, किल्ली शिपायाकडं, लागेल तेव्हा त्यांना फोन करायचा. आणि वस्तीवाले यापुढं मंडळात नकोत, लोक बोलतात. मी मान हलवली. खरं म्हणजे मला तेव्हाच शंका यायला हवी होती. कितीतरी वर्षं आम्ही पंचायतीकडं मदत मागत होतो. गणपतीच्या डीजेला निधी होता. क्रिकेटच्या सामन्यांना होता, आप्पांच्या बॅनरसकट. आम्हाला उत्तर ठरलेलं, डोंगर फॉरेस्टचा, पंचायतीचा काय संबंध? मग एका उन्हाळ्यात आग एका बंगल्याच्या कुंपणाला लागली. बंगलेवाल्यांचे फोन गेले. लगेच संबंध निघाला.

मला आता प्रत्येक गोष्टीची शंका येते. डोंगराचा जो उतार जळतो, त्याच उतारावर पुढं चुन्याच्या रेघा का दिसतात? प्लॉटिंगचे बोर्ड कोण लावतं? मला माहीत नाही. पुरावा माझ्याकडं नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. सोमाभाऊचं नाव घ्यायला मात्र कुणाला पुरावा लागला नाही. माझ्या हातातली काडेपेटी पुरली.

कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं. गावाच्या ग्रुपवर फिरलं. सोमाभाऊचे वर केलेले हात, माझा हात, आणि खाली हसणारे चेहरे.

पुढच्या वणव्याला वस्तीतलं कुणी आलं नाही. आम्ही पोरं घेऊन वर गेलो. शिपाई तळेगावला लग्नाला गेला होता, किल्ली त्याच्याबरोबर. फांद्यांनी झोडपत राहिलो. जाळपट्टा काढायचं माझं धाडस झालं नाही. वारा कसा वळणार ते ओळखून काडी लावायचं काम सोमाभाऊचं. वरचं करवंदीचं रान सगळं गेलं. वस्तीतल्या बायका तीच करवंदं हायवेला नेऊन विकतात. आग कुणाच्या पोटावर येऊन विझली हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बदलून आलेले नवे गार्ड सोमाभाऊला घेऊन गेले. त्यांना कुणीतरी तो व्हिडिओ दाखवला होता. दिवसभर बसवून ठेवलं, विचारत राहिले. संध्याकाळी सोडलं. पण नाव लिहून घेतलं. पुन्हा आग लागली तर पहिलं त्याच्याच दारात येणार, असं सांगून सोडलं. मग बंगलेवाल्यांनी त्याला कामावर घेणं बंद केलं. जो आग लावतो त्याला आवारात कोण घेईल?

मी त्याच दिवशी गार्डकडं जाऊन सांगू शकलो असतो. निघालोही होतो. आईनं विचारलं, कुठं? मी सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "गप ऱ्हा. आज त्याचं नाव हाय. तू मधी पडलास तर उद्या आपलं यील." मी चप्पल काढून ठेवली. आईला दोष देत नाही. तिनं मनात होतं ते बोलून दाखवलं. माझ्याही मनात तेच होतं.

बरेच दिवस गेले. झोप नीट लागेना. दुकानात वेल्डिंग करताना काच डोळ्यांवर घ्यायला विसरलो, डोळे सुजले. शेवटी एका दुपारी वस्तीवर गेलो.

सोमाभाऊ अंगणात टोपली विणत बसला होता. त्याची बायको कमळाबाई कोंबड्यांना दाणे टाकत होती. मला बघून दोघंही उठले नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. पेटी माझी होती, मला माहीत होतं, मी बोललो नाही. माफ करा म्हणालो.

सोमाभाऊचे हात थांबले नाहीत. "खिशात हात घातलात तवा सारा गाव बगत व्हता, भाई. माफी मातर कोंबड्यांम्होरं मागताय."

कमळाबाई म्हणाली, "कोंबड्या काय ग्रामसभंत जाऊन सांगनार न्हाईत. ब्येस जागा बगितली."

मला राग आला. हेही लिहितो. माफी मागायला आलोय आणि हे टोमणे मारतात, असं वाटलं. उतारावरून खाली येताना अर्ध्या वाटेत तो राग गेला. मग कळलं की मी माफी मागायला गेलोच नव्हतो. माझी झोप परत मागायला गेलो होतो. तीसुद्धा त्याच्याकडं.

मी परत फिरलो. त्याला म्हणालो, येत्या ग्रामसभेला या.

ग्रामसभेत आमच्या मंडळाचा विषय होता. पंचायत दरवर्षी निधी देणार, ब्लोअर आणखी घेणार, विजेऱ्या घेणार. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. शेवटी एक अट होती. संशयास्पद व्यक्ती मंडळात राहणार नाहीत, याची हमी अध्यक्षांनी सभेपुढं द्यावी. कसली स्वच्छ भाषा. कुणाचं नाव नाही, जात नाही, वस्ती नाही. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी फक्त "मान्य" म्हणायचं होतं.

सोमाभाऊ आला होता. मागं, जिथं लोक चपला काढतात तिथं उभा होता. कमळाबाई बरोबर. बसायला त्यांना कुणी म्हणालं नाही.

मी उठलो. माझ्या खिशातून काडेपेटी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणालो, "ही माजी. त्या दिवशी सोमाभाऊच्या खिशातनं काढली ती पन माजीच. सकाळी जाळपट्ट्याला मीच दिल्ती."

कुणी हसलं नाही.

आप्पा माइकशिवायच बोलले. आवाज मऊ होता. "भाई, इतकी वर्सं आमी तुमच्याकडं कदी बोट केलं का?"

नेहमी मला "तू" म्हणणारा माणूस त्या दिवशी "तुमच्याकडं" म्हणाला. आदरानं नव्हे. एका वाक्यात त्यांनी मला माझ्या सगळ्या घराबरोबर, आईबरोबर, चार पिढ्यांबरोबर बाजूला काढून उभं केलं. मला ज्याची आयुष्यभर भीती वाटत आली ते हेच. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. त्यांनी बोट केलं नव्हतं ते विश्वासानं नव्हतं. मी दुसऱ्यांचे खिसे तपासत होतो म्हणून ते माझ्याकडं वळलं नव्हतं. ज्या दिवशी थांबेन त्या दिवशी ते वळणार होतं. वळलं.

मी म्हणालो, "आता करा, आप्पा. सगळ्यांच्या देखत करा."

मग ग्रामसेवकांकडं वळून सांगितलं की हमी देणार नाही. सोमाभाऊ आणि वस्तीतली माणसं मंडळात होती आणि राहतील. पंचायतीचा निधी गावाचा आहे, आप्पांचा नाही. तो आम्ही दरवर्षी मागू, पण खिसे दाखवून घेणार नाही. कुलपातले ब्लोअर आणि फोटोचे टी-शर्ट आजच परत. हे सगळं इतिवृत्तात लिहा. पेटी माझी होती, हेही लिहा. त्याची नक्कल मी स्वतः गार्डकडं नेऊन देणार आहे. ते लिहीपर्यंत मी बसलो नाही. ग्रामसेवकांनी आप्पांकडं बघितलं, मग सरपंचबाईंकडं बघितलं. बाई खाली बघत होत्या. मग त्यांनी लिहिलं.

बाहेर पडायच्या वाटेवर सोमाभाऊ उभा होता. लोक माझ्याकडं वळून बघत होते, ते बघत असतानाच मला बोलायचं होतं. मी त्याच्या समोर गेलो. त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्यानं मान हलवली नाही, हसला नाही, काही सोपं करून दिलं नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "सोमाभाऊ, मी या गावाम्होरं तुमच्या खिशात हात घातला. तुमी निर्दोष हाय हे मला ठाऊक व्हतं. माज्यावर बोट यिऊ नये म्हनून मी तुमाला म्होरं केलं. भ्यालो, पन भ्यालो म्हनून ते कमी व्हत न्हाई. तुमी माफ करा नायतर करू नका, तो तुमचा हक हाय. मी मागतोय. समद्यांच्या देखत मागतोय. मला माफ करा."