आमच्या घरापुरता भूकंप

एका रविवारी दुपारी लातूरमध्ये दोनदा भूकंप झाला आणि दोन्ही वेळा तो फक्त आमच्याच घरात झाला. तुमच्या आईने ही गोष्ट तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितली असणारच (ती त्या दिवशी इथे नव्हतीसुद्धा), म्हणून मी, तुमची आजी, ती नीट क्रमाने लिहून काढते.

तुमच्या वैशालीमामीने त्या वर्षी कोचिंग क्लासमधली शिकवण्याची नोकरी सोडली. लातूर तेव्हा क्लासेस आणि होस्टेलांनी गजबजलेलं. नांदेड, मुखेड, जळकोट, कुठून कुठून मुलं डॉक्टर व्हायला इथे आलेली आणि मेसच्या वरणाला विटलेली. मामीने ठरवलं, आईवडिलांनी घरबसल्या इंटरनेटवर ऑर्डर द्यायची आणि आपण धपाटे, लाडू, शेंगदाण्याची चटणी मुलांच्या होस्टेलवर पोचवायची. तिच्या वडिलांना हे मुळीच पसंत नव्हतं. मुखेडहून त्यांचा फोन आला, "रविवारी दुकान उघडून बघ. न्हाई चाललं तर सोमवारी गुमान क्लासवर जायचं. सरांनी तुझी जागा ठेवून दिली हाय."

दुकान मांडायचं काम शेखरमामाकडे. तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या सर्व्हरवर दुकान थाटणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्याने कॉलेजने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घरी आणला आणि त्यात लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातली. "सगळं आपलं आपण सांभाळायचं," तो म्हणाला.

आजोबांनी त्या पेटीभोवती एक फेरी मारली. "म्हणजे दुकान यात आहे?"

"हो, बाबा."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते आपापल्या घरी."

"मग चपला बाहेर काढा म्हणून सांगायला नको. चांगलं आहे."

त्यानंतर शेखर रोज संध्याकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीबाही लिहीत बसे. दुकानाची पानं दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा, ऑर्डरी साठवणारा वेगळा, चोरांना अडवणारी फायरवॉल आणखी वेगळी. ही फायरवॉल त्याने कॉलेजात बसून, लांबूनच चालू केली. तिने सगळ्यांना अडवलं. त्यालाही अडवलं! बिचारा तास सोडून स्कूटरवर घरी आला आणि स्वतःच्याच दुकानाचं कुलूप आतून काढून परत गेला. (मी त्याला काही बोलले नाही. फक्त, घरातून निघताना किल्ली जवळ असावी, एवढंच म्हणाले.)

आता ती पेटी ठेवायची कुठे? कोठीच्या खोलीत गारवा असतो आणि फोनची लाइनही तिथेच येते, म्हणून शेखरने ती कोठीतल्या लोखंडी मांडणीच्या मधल्या फळीवर ठेवली. त्याच मांडणीच्या वरच्या फळीवर माझे पेले होते.

पेल्यांचं सांगायला हवं. त्र्याण्णवच्या मोठ्या भूकंपानंतर लातूरात अनेक घरांत हे करत. स्टीलचा एक पेला सुलटा, त्यावर दुसरा पालथा, त्यावर तिसरा सुलटा. जमीन हलली की पेले खणखणत खाली येतात आणि माणसांना बाहेर पळायला वेळ मिळतो. बाकीच्यांनी हळूहळू सोडून दिलं. मी सोडलं नाही. पेले पडले की कोणी काय करायचं, तेही मी ठरवून दिलं होतं: आजोबांनी गॅस बंद करायचा, सुनेने दारं उघडायची, मी मेन स्विच पाडायचा आणि सगळ्यांनी समोरच्या मैदानात उभं राहायचं. गेल्या कित्येक वर्षांत या शिस्तीची गरज पडली नव्हती. त्याची मला थोडी खंतही होती.

रविवारी जेवणं झाल्यावर दुकान उघडलं. मामीने पहाटेपासून खपून भरलेल्या धपाटे-चटणीच्या डब्यांच्या टोपल्या ओट्यावर तयार होत्या. जरा वेळ काहीच नाही. मग शेखर ओरडला, "आली, पहिली ऑर्डर आली!" मग दुसरी, मग भराभरा. एवढ्यात कोठीत पेले खणखणले.

"भूकंप! बाहेर!" मी म्हणाले आणि मेन स्विच पाडला. वीज गेली तरी दुकान चालावं म्हणून कॉम्प्युटरशेजारी शेखरने बॅटरी ठेवली होती, ती चीं चीं करायला लागली. मी तिचंही बटण दाबून बंद केलं.

"आई, काय करून राहिलात?" मामी कळवळली. "दुकान चालू हाय ना!"

"माणसं आधी, दुकान नंतर."

मैदानात शेजारच्या शकुंतलाबाई धावत आल्या. "हाललं का वो?"

"हाललं," मी म्हणाले.

"तरीच! मला कमरेपसनं हालल्यागत झालं."

मामीच्या हातातला मोबाइल वाजला. दुकानाच्या पानावर तोच नंबर होता. ती रडायच्या बेतात होती, म्हणून मी घेतला. नांदेडहून एक बाई बोलत होत्या. "ताई, पान उघडंनाच गेलंय. माझ्या लेकराला चटणी पाठवायची होती."

"चटणीचं राहू द्या," मी शांतपणे म्हणाले. "लातूरला भूकंप झालाय. मुलाला आधी मैदानात उभं राहायला सांगा."

बाईंनी सांगितलं. मुलाने होस्टेलला सांगितलं. होस्टेलने शेजारच्या होस्टेलला सांगितलं. बघता बघता मैदान पोरांनी भरलं. कुणी टॉवेलवर, कुणी हातात रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन. प्रत्येकाच्या घरून फोन येत होता आणि प्रत्येकजण सांगत होता, "हाव, लई मोठा झाला म्हणं."

तेवढ्यात शेखर माझी नजर चुकवून आत गेला आणि त्याने मेन स्विच वर केला. मी पेले पुन्हा रचायला त्याच्यामागे, मामी माझ्यामागे. दुकान उघडल्याबरोबर एवढा वेळ ताटकळलेले सगळे आईबाप एकदम आत घुसले. पेटीतला पंखा घरघरायला लागला, मग गर्जायला लागला आणि पेले माझ्या डोळ्यांदेखत पडले.

"आफ्टरशॉक!" मी म्हणाले आणि स्विचकडे वळले.

मामी आडवी आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा हात धरला. "थांबा की आई." तिने दुसरा हात मांडणीवर ठेवला, मग भिंतीवर. "भिंत गप हाय. मांडणीच हालून राहिली."

शेखरने पंख्याकडे पाहिलं, पेल्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. जितक्या जास्त ऑर्डरी, तितका पंखा जोरात. आमच्या घराला हादरे देत होती ती मामीची विक्री!

मी तिथेच तांदळाच्या पिंपावर बसले. लाज वाटलीच, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. जमीन जागच्या जागी होती आणि माझी माणसं उभी होती. फक्त मामीचा चेहरा उतरलेला होता. मी वीज घालवली तेव्हा ऑर्डरी पुसल्या गेल्या असतील तर सोमवारी क्लास ठरलेला. शेखरने पेटी खाली गोणपाटावर ठेवली आणि काळ्या पडद्यावर काहीतरी लिहिलं.

"आहेत," तो म्हणाला. "एकही गेली नाही."

मामी मटकन माझ्या शेजारी पिंपावर बसली. मग उठली, टोपल्या उचलल्या आणि मैदानात गेली. भूकंपाने भुकेलेली एवढी पोरं लातूरात आयती जमलेली! ज्यांच्या ऑर्डरी होत्या त्यांनी आपापले डबे नेले, ज्यांच्या नव्हत्या त्यांनी तिथूनच घरी फोन लावले. संध्याकाळी मामीने मुखेडला वडिलांना कळवलं, "अण्णा, सरांना सांगा, जागा दुसऱ्याला द्या."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पानावर नांदेडच्या त्या बाईंचा पहिला अभिप्राय आला: "चटणी एक नंबर. दुकान चांगलं आहे, फक्त आजी बंद करतात."

मला त्याखाली सविस्तर खुलासा लिहायचा होता. पण शेखरने सगळे पासवर्ड आदल्या संध्याकाळीच बदलले होते.