डॉक्टर म्हणाले की

"डॉक्टर म्हणाले की," एवढं बोलून लॅपटॉप बंद पडला.

लॅपटॉपसमोर बसलेला माणूस भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा, लोक त्याला भोंगा म्हणत. तो सुरू झाला की शेवटच्या गाळ्यातला हमालसुद्धा मान वळवायचा. घरीही तेच. मीठ मागायचा तेही असं, की शेजारीणच मीठ घेऊन यायची. आणि नशिबाला काय बुद्धी झाली कोण जाणे, नेमकी त्याच्याच गळ्यात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. त्याच्या आधीच त्याच्या बायकोचे डोळे काचबिंदूने गेले होते. ती सगळ्या गल्लीचे कपडे शिवायची, गल्ली तिला मावशी म्हणायची. आता नवऱ्याला दिसतं पण बोलता येत नाही, बायकोला बोलता येतं पण दिसत नाही. हातावर बोटाने अक्षरं काढून दाखवावीत, तर डोळे होते तेव्हाही मावशीने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. लोक हळहळायचे. हळहळायला काय जातं लोकांचं?

मग भाच्याने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. नवऱ्याने दोन बोटांनी टाइप करायचं, लॅपटॉपने ते मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यात मराठी बोलणारा आवाज एकच, तोही बाईचा. "म्हातारपणी सवत आणून बसवलीत की हो," मावशी पहिल्या दिवशी म्हणाली आणि हसता हसता रडली. पण त्या सवतीशिवाय त्या दोघांत शब्द उरला नव्हता.

सवतीची नाटकंही कमी नव्हती. अर्धी बॅटरी दाखवत असतानाच पटकन मान टाकायची. जरा वेळ हात लागला नाही की झोपायची, आणि मग पंखा आत घरघरतोय, पडदा काळा, काही केल्या उठायची नाही. आजवर थोडी कळ काढली की शुद्धीवर यायची. आज येईना.

"काय म्हणाले डॉक्टर? अहो, बरं आहे ना सगळं?"

गळ्याचा नवा रिपोर्ट घ्यायला दवाखान्यात तो एकटाच जाऊन आला होता. त्याने तिचा खांदा थोपटला. थोपटणं म्हणजे हो की नाही? ती हात धरायला गेली, तोवर तो लॅपटॉपकडे वळला होता. प्लग काढल्याचं खट्ट, दुसऱ्या भिंतीत घातल्याचं खट्ट, बटणाची टकटक. चांगली बातमी असती तर हा माणूस नाचत आला असता, असं एक मन म्हणे. दुसरं म्हणे, अगं, मशीन बिघडलंय, त्याच्या नादात आहे तो. कागदावर लिहून घेऊन शेजारणीला वाचायला सांगता आलं असतं. पण हे शेजारणीच्या तोंडून ऐकायचं? त्यापेक्षा कान गेलेले बरे.

शेवटी तिनेच भाच्याने पाठ करून घेतलेला दुरुस्तीवाल्यांचा नंबर लावला.

"मॅडम, चार्जर लावल्यावर लॅपटॉपचा दिवा लागतोय का?" पलीकडे एक मुलगी होती.

"मला दिसत नाही, बाळा."

"मग ज्यांना दिसतं त्यांच्याकडे फोन द्या."

"त्यांना बोलता येत नाही."

"घरात तिसरं कोणी आहे का?"

"असतं तर तुला कशाला त्रास दिला असता!" मावशीचा आवाज चिरकला. "ठेवू नकोस गं फोन. पाया पडते, ठेवू नकोस."

मुलगी भली निघाली. मावशीने चाचपडत नवऱ्याचा हात शोधून घट्ट धरला. "हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा. दिवा लागलाय?" एकदा. "पांढरा?" दोनदा. "मग नारिंगी?" एकदा. "नारिंगी आहे गं." पडद्यावर काही नव्हतं. मुलीने चार्जर काढायला सांगितला. आता चालू करायचं बटण दाबून धरायचं, तीस म्हणेपर्यंत सोडायचं नाही. तो दाबत होता, मावशी मोठ्याने मोजत होती. जन्मभर आकडे ओरडले नवऱ्याने, आज ते तिच्या वाट्याला आले. मध्येच हुंदका आला, मोजणं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा तिने रडतरडतच मोजलं.

चार्जर परत लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, आणि जरा वेळाने सुरू झाल्याची टिंग वाजली.

"लागला! लागला गं!"

"बॅटरी गेली आहे, मॅडम. नवीन मिळेपर्यंत चार्जर अजिबात काढायचा नाही." मग मुलीने आपोआप झोपायचं कसं बंद करायचं ते सावकाश सांगितलं, मावशीने त्यातला शब्दन् शब्द नवऱ्याला ऐकवला, त्याने तसं केलं. आता कितीही वेळ लावला तरी लॅपटॉप झोपणार नव्हता.

"लिहा आता," फोन ठेवून ती म्हणाली. "अर्धंच राहिलंय."

मघाशी त्याने सगळं एका दमात टाइप केलं होतं. आता काहीच वाजेना. मग चारदोन बटणं वाजली. मग एकच बटण पुन्हा पुन्हा वाजत राहिलं, म्हणजे खोडत होता. मग परत थोडंसं काहीतरी.

"डॉक्टर म्हणाले की सगळं ठीक आहे," लॅपटॉप बोलला.

आवाज गुळगुळीत, ना चढ ना उतार. भोंग्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं. थाप मारायची म्हटलं की त्या आभाळफाड्या आवाजाची पार कुजबुज व्हायची, अन् मावशी त्याला जागच्या जागी पकडायची. या बाईचं काही कळायला मार्ग नव्हता. ही मरणही याच आवाजात सांगणार आणि बाजारभावही.

मावशीने टेबलावरून हात सरकवत त्याचा हात शोधला. गार पडला होता, घामाने ओला.

"तिचं राहू द्या. तुम्ही सांगा. सगळं ठीक आहे?"

त्याने एकदा हात दाबला.

मावशीने हात सोडला नाही. त्यानेही काढून घेतला नाही. मग त्याने पुन्हा एकदा दाबला. मावशीने मनातल्या मनात मोजलं, दोन.