गोड कडेचं पान

नाना बाइंडरांच्या हातात पुस्तक दिलं की ते उघडत नसत. मिटल्या पानांच्या कडेवरून आधी अंगठा फिरवत, मग ती कड नाकाशी नेत आणि निकाल देत, ‘मास्तर, हाई पुस्तक कोणीच वाचेल नही.’ निकाल बरोबर असे; ते पुस्तक खरंच कोणी उघडलेलं नसे. स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती. धुळ्याच्या एका शाळेत मी शिकवत होतो आणि ग्रंथालयही सांभाळत होतो. आमच्या पुस्तकांत मुलांपेक्षा वाळवीच खोलवर शिरलेली असे. तिनं एखादा खंड संपवला की तो नानांकडे नेणं हे माझं काम.

नानांची खोली एका मारवाडी शेठजींच्या घराच्या तळमजल्यावर होती. खोलीत पुठ्ठे, कातडं, खळीची भांडी आणि आमची आजारी पुस्तकं यांनी पाय ठेवायला जागा नसे. नाना बसत त्याच्या समोर मात्र एक दुसरी बैठक होती आणि ती कायम मोकळी. मी एकदा तिच्यावर पिशवी ठेवली तर नानांनी ती उचलून माझ्या मांडीवर दिली. ‘ती दामूनी जागा शे.’

दामू म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. नाना शिवणार, दामू कडा रंगवणार आणि सोनेरी करणार, अशी वाटणी होती. पुढचं मला शेठजींनी सांगितलं. गावातल्या एका पुढाऱ्याच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ बांधायला आला होता. कडा कापताना दामूचा हात चुकला आणि प्रत्येक पानावरची शेवटची ओळ उडाली. त्या ग्रंथावर झालेला तो एकमेव चांगला संस्कार असावा, असं माझं मत. पण पुढारी दहा माणसं घेऊन आले आणि गरजले. नाना उभे राहून म्हणाले, ‘हाई काम मन्हं नही, दामूनं शे.’ ते खरं होतं आणि तेच वाईट झालं. दामूनं हात पुसले, सोनेरी कडा घोटायचा आपला अकीक दगड खिशात टाकला आणि तो जळगावला निघून गेला. तिथं त्यानं स्वतःचं दुकान काढलं. मी आलो तेव्हा या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. धुळे ते जळगाव बसनं जेमतेम अर्धा दिवस लागतो.

इतरांच्या चुका मात्र नाना फार प्रेमानं सांभाळत. एकदा माझ्या हातून शब्दकोशाच्या कडेवर दौत कलंडली. मी हळहळत राहिलो. नानांनी तो डाग वेलीचं खोड धरला, त्याला पानं फोडली आणि तीनही कडांवरून वेल फिरवून आणली. ‘चूक व्हयनी ते तिले लपाडानी नही मास्तर, कामले लावानी.’ शाळेतलं सगळ्यात देखणं पुस्तक आजही तेच असेल.

गणपत पोपटवाला त्यांच्याकडे आला तो असाच रडकुंडीला येऊन. त्याच्या भविष्याच्या सत्तावीस पानांवर चहा सांडला होता. पुठ्ठ्याची पानं, एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला माणसाचं नशीब. नानांनी ती सुटी करून वाळवली. मग सगळी गड्डी शिकंज्यात आवळून कडा लाल केल्या, त्यावर वर्ख चढवला. एका पानाचा पार लगदा झाला होता. ते त्यांनी नव्यानं केलं, मजकूर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला आणि कड वेगळी, हातात धरून सोनेरी केली. गणपत इतका खूष झाला की त्यानं आपल्या राजा पोपटाकडून माझं भविष्य फुकट काढवलं. मला राजयोग होता. मी तेव्हा वर्गातल्या फुटक्या फळ्यासाठी तिसरा अर्ज लिहीत होतो.

तीन आठवड्यांनी गणपत पिंजरा घेऊन धावत आला. मी तिथंच होतो.

‘नाना, बुडवलंत मला! राजा एकच पान काढतो. ज्याचा बैल हरवला त्याला तेच, जिच्या पोरीचं लगीन अडलं तिला तेच. दूर गेलेलं माणूस आपणहून दारात येईल! परवा एका बाईनं चप्पल काढली. तिचा दीर चार महिने तळ ठोकून आदल्याच दिवशी गेला होता!’

ते पान नानांनी नव्यानं केलेलंच होतं. त्याच्या कडेवर चोचीच्या खुणा होत्या. मी कडेला जीभ लावली. गोड.

वर्ख धरायला अंड्याचं पांढरं लागतं, पण शेठजींच्या घरात अंडं चालत नसे. दामू दुसरंच काही लावायचा, ते त्यानं कधी सांगितलं नव्हतं. म्हणून नानांनी डिंकात गूळ कालवला. गड्डीवर तो पातळ बसला आणि कवडीनं घोटला गेला. एकट्या पानावर जाड राहिला. पोपटाला यात दैव दिसायचं कारण नव्हतं.

‘आणि तुम्ही तरी कसे बोलला नाहीत?’ गणपत म्हणाला. ‘रोज दुपारी येऊन पान काढता! रोज तेच निघतं!’

नाना कवडी पुसत राहिले.

‘नाना,’ मी म्हणालो, ‘गूळ तुम्हीच लावलात ना?’

‘माले माहीत शे.’

‘मग?’

‘पोपटले कोठे माहीत शे?’

मी म्हटलं, ‘तुम्हीच का जात नाही जळगावला?’

‘मी गया ते पान खोटं पडी ना, मास्तर.’

त्यांनी गणपतला तेच भविष्य साध्या लाल कडेच्या पानावर लिहून दिलं आणि गोड पान स्वतःकडे ठेवलं. दुसऱ्या दुपारी राजानं त्यांच्यासाठी ‘विहिरीस पाणी लागेल’ हे पान काढलं. भाड्याच्या खोलीत राहणारे नाना खूप हसले. पुन्हा गेले नाहीत.

पुढच्या वर्षी मला जळगावच्या शाळेत जागा मिळाली. निरोप घेताना नाना म्हणाले, ‘तठे दामू दिसना ते...’

‘काय सांगू?’

‘काही नही. अकीक शाबूत शे का दखा.’

दामूचं दुकान सहज सापडलं. मी पोपटाची गोष्ट रंगवून सांगितली. तो हसला नाही.

‘गूळ? एकटं पान, हातात धरून?’ त्याचा चेहरा दुखल्यासारखा झाला. ‘दोन्ही बाजूंनी पुठ्ठे लावल्याशिवाय एकटं पान घोटता येतं का कधी? आणि मेथीचं पाणी लावायचं. कडू असतं. पोपट काय, झुरळ शिवत नाही. सांगा त्याला.’

‘तुम्हीच सांगा की.’

‘त्यानं बोलावलंय?’

इथं मी ‘हो’ म्हणायला हवं होतं. पण खरं बोलण्याची खोड एकट्या नानांनाच नव्हती. मी म्हणालो, ‘नाही.’

मेथीचं दिवाळीच्या सुटीत नानांना सांगू, असं मी ठरवलं. दिवाळीच्या आधी शेठजींचं कार्ड आलं. नाना दुपारी काम करता करता बैठकीवरच गेले होते आणि सगळं उरकल्यावर शेठजींना माझा पत्ता सापडला होता. मी कार्ड दामूला वाचून दाखवलं. त्यानं दुकानाच्या फळ्या लावल्या आणि माझ्याआधी बसस्टँडकडे चालू लागला.

शेठजींनी खोली उघडली. सगळीकडे पुस्तकांचे ढीग, आणि समोरची बैठक मोकळी, झाडलेली. दामू दारातच थांबला. मग आत येऊन आपल्या जागेवर बसला. नानांच्या बैठकीजवळ एका वहीत ते पान होतं. त्याच्या कडेवर मुंग्या होत्या.

‘शेठजी, वरून थोडी मेथी द्या,’ तो म्हणाला.

मेथी भिजेपर्यंत त्यानं कडेवरची एकेक मुंगी फुंकून घालवली. गूळ त्यानं ओल्या फडक्यानं पुसून काढला. पान दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून शिकंज्यात आवळलं, मेथीचं पाणी लावलं, नानांच्या डबीतला वर्ख चढवला. तो वाळल्यावर खिशातून अकीक काढून घोटायला लागला. कड चकाकली तसं त्यानं पान सोडवलं, उलटलं आणि पहिल्यांदाच वाचलं.

बराच वेळ वाचत होता. दूर गेलेल्या माणसाचा तो मजकूर एका ओळीचा होता.

मग त्यानं ते पान पुन्हा शिकंज्यात आवळलं आणि चकाकणारी कड पुन्हा घोटायला लागला.