वैशाखात गोठलेला तांब्या

अंगात येणं, करणी, उतारा… असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमच्या आळीत एका बाईच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिला सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आधी पोराचं नाक पुस, मग घुम." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण अनुभव माझा स्वतःचा आहे, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसातली भीती कमी आणि संतापच जास्त आठवतो.

गाव भूम तालुक्यातलं. नाव सांगत नाही, तिथं अजून आमचे भाऊबंद राहतात. चीनच्या लढाईनंतरचा उन्हाळा होता. माझे धाकटे दीर, दत्तूभावजी, फौजेतून परत आले होते. लढाईत ते नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, डोंगरात होते. माघार घेताना कित्येक दिवस बर्फातून चालले — पायात कापडी बूट, अंगावर सुती कपडे. पायाची बोटं जवळजवळ सगळी गेली, हाताचीही काही. आधी काळी पडली, मग दवाखान्यात कापावी लागली.

आता आमच्या भागात बर्फ म्हणजे काय? भूमच्या बाजाराला भुशात गुंडाळून येणारी लादी. सरबतात टाकायची गंमत. त्यानं माणसाची बोटं जातात हे कोण मानणार? बोटं झडलेला माणूस गावानं एकाच रोगात पाहिलेला — महारोगात. झालं! भावजी एसटीतून उतरून काठी टेकत आले आणि आठवड्याभरात गावानं निदान करून टाकलं. न्हावी दाढीला येईना. आडावर माझी घागर दिसली की बायका आपापल्या घागरी बाजूला ओढायच्या. कुणीकुणी तर तोंडावर विचारायचे, "लढाईला गेलता म्हनं, मग गोळी कुठं लागली दाव की!" भावजींकडे दाखवायला गोळीची खूण नव्हती.

माझ्या सासूनं, म्हणजे त्यांच्या सख्ख्या आईनं, त्यांचा तांब्या आणि ताटली वेगळी काढली. आमच्या ह्यांचा भावावर जीव होता, पण गावापुढं तोंड उघडत नसे. जखमा अजून ओल्या होत्या, रोज पट्टी बदलावी लागायची. ती मी बदलायचे. भूमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं औषधाची बाटली टेबलावरून लांबूनच सरकवली होती… शिकलासवरलेला माणूस! आणि समजा, असता महारोग, तरी काय? जिवंत माणूस उचलून बाहेर टाकायचा?

पण तेच ठरवून ते आले. वैशाखातली दुपार होती. गणपततात्या — गावात मोठे, सगळे निवाडे त्यांच्याकडेच — चार माणसं घेऊन आमच्या ओसरीवर बसले. दत्तूला रानातल्या खोपीत ठेवायचं, भाकरी तिकडं पोचवायची, गावात पाऊल टाकू द्यायचं नाही. त्या खोपीला धड दार नव्हतं, पाणी लांब. ओल्या जखमा घेऊन तिथं माणूस पावसाळा काढणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"तात्या, आवं ह्यो रोग न्हाय," भावजी खाटेवरून म्हणाले. "बर्फानं बोटं गेली. डाक्टरनं सांगितलंय."

"बर्फानं?" तात्या म्हणाले. "आरं, आमी बी खाल्लाय की बर्फ भूमच्या बाजारात. एक दात बी पडला न्हाय."

बाकीचे हसले. आमचे हे मान खाली घालून बसले. माझं डोकंच फिरलं.

आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात. ते न घेता उठणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. मी गूळ ठेवला होता, कुणी खड्याला हात लावला नव्हता. भावजींचा तो वेगळा काढलेला पितळी तांब्या त्यांच्या खाटेखाली होता. मी तो उचलला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माठातल्या पाण्यानं भरला आणि तात्यांपुढं ठेवला. मुद्दाम तोच. माठ जुना झाला होता, झिरपत नव्हता, त्यामुळे पाणी कोमटच होतं. हे मी शपथेवर सांगते, कारण भरताना माझी बोटं त्यात बुडाली होती.

"घ्या तात्या, घोटभर," मी म्हणाले. डोक्यावर पदर होता, आवाज मात्र खाली नव्हता. "न्हाईतर सांगून टाका, आजपास्नं ह्या घराशी तुमचा संबंध न्हाय."

तात्या अडकले. वरून ओतून पिऊ, तोंड लावायला नको, असा काहीतरी विचार करून त्यांनी घामेजला हात तांब्याला लावला… आणि किंचाळले.

"भाजलं! आरं भाजलं!"

ते हात झटकत होते आणि तांब्या हातातून सुटत नव्हता. हाताबरोबर वर-खाली होत होता. एवढा हलला, उलटा झाला, पण पाण्याचा एक थेंब बाहेर पडला नाही. एकानं तांब्या धरून ओढायला सुरुवात केली, तशी तात्यांच्या बोटाची साल निघाली.

"वढू नका!" भावजी ओरडले आणि खाटेवरून खाली आले. त्या पायांवर उभं राहता येईना, म्हणून गुडघ्यांवर सरकत आले. त्यांनी तात्यांचा हात तांब्यासकट आपल्या सदऱ्याच्या आत पोटाशी घेतला, आपल्या थोट्या हातांनी झाकला आणि वरून तोंडानं ऊब देत राहिले. त्या हातांचा स्पर्श होऊ नये म्हणून ही बैठक बसली होती. तात्यांनी हात मागे ओढला नाही. काही वेळानं हात सुटला.

मी तांब्यात डोकावले. काठोकाठ बर्फ! बाहेरून पितळेवर मिठासारखा पांढरा थर.

भावजींनी तो बघितला मात्र, त्यांचे दात वाजायला लागले. "वैनी, टाका त्ये… भाईर टाका! आमची मानसं हायती तिकडं, अजून तिथंच हायती…"

पदरानं धरून मी तांब्या अंगणात उपडा आपटला. बर्फाचा गोळा घरंगळला, कोंबड्या धावत आल्या, टोच मारून पळाल्या. उन्हात बघता बघता त्याचं पाणी झालं. घरात भावजींवर दोन वाकळा घातल्या, तरी ते संध्याकाळपर्यंत थरथरत होते.

बैठक मोडली. भावजी घरातच राहिले. तात्यांच्या बोटांना फोड आले, तेव्हा त्यांनी डॉक्टरला काय सांगावं? चुलीवर भाजलं म्हणून! स्वतःचं कातडं सोललं गेलं, तरी "दत्तू खरं बोलत होता" एवढं या माणसाच्या तोंडून निघालं नाही.

गावानं मग दुसरंच काढलं. दत्तूच्या अंगात वारं आहे म्हणे! अमावस्येला बायका नारळ घेऊन दारात हजर. ज्या पायांना पट्टी बांधायला माझ्याशिवाय कुणी पुढं येत नव्हतं, त्या पायांवर डोकं ठेवायला रांग लागली. एकीनं तर पट्टीवरच हळदकुंकू वाहिलं, जखम चिघळली. मी नारळ अंगणात फेकले आणि एकेकीला हाकललं. आधी महारोगी, मग बाबा… जखमी शिपाई म्हणून मात्र तो माणूस कुणालाच नको होता.

शेवटी आमच्या ह्यांनी लोकांची भीड सोडली आणि भावजींना पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नेलं. तिथं जखमा भरल्या, पायांच्या मापाचे बूट मिळाले, चालायला शिकवलं. भावजी तिकडंच एका कारखान्यात रखवालदार झाले. गावी आले ते फक्त आईच्या दहाव्याला. तेव्हा मी विचारलंच, "भावजी, त्या दिवशी काय झालं होतं?"

"वैनी, ठावं असतं तर तुमास्नी सांगितल्याबिगर ऱ्हायलो असतो व्हय म्या?"

आज भावजी नाहीत, तात्याही नाहीत. माझ्या नातवानं विज्ञानाची बरीच कारणं सांगून पाहिली, एकही मला पटलेलं नाही. कोमट पाण्याचं वैशाखात काय झालं, मला माहीत नाही. ही हकीकत सांगितली की लोक हटकून विचारतात — बर्फ आला कुठून, केवढा होता, तो तांब्या अजून आहे का… विचारा, जरूर विचारा. पण भावजींचे पाय दुखायचे का, हे मला आजपर्यंत एकानंही विचारलेलं नाही.

दुखायचे हो. लई दुखायचे.