खालच्या मजल्याची वायर

हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून मी चष्म्याचा नंबर वाढलेलासुद्धा लपवत नाही. तुम्हाला का सांगतोय? नीट ठाऊक नाही.

गोष्ट लहान आहे. एका वायरची.

साल दोन हजार नऊ. महाडमधलं आमचं दुमजली घर. वर आम्ही, खाली माझ्या धाकट्या भावाचं, दिलीपचं बिऱ्हाड. दिलीप मस्कतला नोकरीला. खाली त्याची बायको वंदना आणि एक वर्षाची मुलगी साई. इंटरनेटचं कनेक्शन एकच, माझ्या नावावर. राउटर वर, आणि तिथून एक निळी वायर खिडकीतून खाली सोडलेली. रोज संध्याकाळी साडेसातला, दिलीपची ड्यूटी सुटली की, वंदना साईला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायची. साई स्क्रीनवर बापाच्या नाकाला बोट लावायची.

त्याच वेळी वर माझी मुलगी केतकी गेम खेळायची. पुण्यातल्या चार मैत्रिणी आणि ही, असा ऑनलाइन संघ. आणि नेमका साडेसातच्या सुमारास तिचा गेम अडकायचा. चित्र थिजायचं, आणि हलेपर्यंत ही मेलेली असायची. मैत्रिणी हेडफोनमधून टोमणे मारायच्या, महाडची एसटी लागली का गं फलाटाला? पुढे त्यांनी तिच्या जागी दुसरी मुलगी बघायला घेतली. त्या दिवशी केतकी जेवली नाही. मी म्हटलं, मी बघतो.

मी औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय. वही केली. दर पाच मिनिटांनी पिंग लिहायचा — म्हणजे आपला निरोप गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो तो आकडा. शंभराच्या आत असला तर खेळ नीट चालतो. शेजारी रकाने आखले: केतकी काय करतेय, वंदनाचा कॉल सुरू आहे का, टीव्ही, फोन, पाऊस. दहा दिवस लिहिलं. कॉल नाही तेव्हा नव्वदच्या आसपास. कॉल सुरू असताना आठशे, नऊशे.

आणखी काय हवं होतं?

शनिवारी मी राउटरमधून खालची वायर काढली. वंदनाला सांगितलं, लाइन दोघींना पुरत नाही. तिने वाद घातला नाही. ती पोलादपूरकडची, उमरठजवळच्या वाडीतली. थोरल्या दिरासमोर आवाज चढवायची नाही. मी ते धरूनच चाललो होतो — हेही सांगायला हवं.

सोमवारपासून आठवडाभर मला दुसरी पाळी होती, दुपारी तीन ते रात्री अकरा. केतकीने माझ्या वहीत रोज आकडे लिहिले. अठ्ठ्याऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद. रविवारी वही खाली नेऊन मी वंदनाला दाखवली. बोट ठेवून एकेक ओळ दाखवली. तिने मान हलवली.

पुढच्या सोमवारी मी पुन्हा दिवसपाळीला. सातला घरी आलो, चहा घेतला, नेहमीप्रमाणे साडेसातला माझा कॉम्प्युटर लावला. लगेच पिंग आठशे साठ. खालची वायर तर काढलेली. मंगळवारी नऊशे दहा.

मला जुन्या नाट्यगीतांचा नाद. एक प्रोग्रॅम घातला होता, त्यातून गाणी मिळायची, आणि आपल्याकडची गाणी तो त्याच लाइनवरून परक्या लोकांना पाठवत राहायचा. कॉम्प्युटर लावला की तो आपोआप सुरू. साडेसातला मी कॉम्प्युटर लावायचो आणि जेवायला उठताना बंद करायचो; वंदनाचा कॉलही साडेसातलाच सुरू व्हायचा आणि त्याच सुमारास संपायचा. दहा दिवस दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या, आणि मी एकच लिहीत होतो. सगळ्या घराला रकाना होता. मला नव्हता.

प्रयोगशाळेत नमुना तपासण्याआधी आम्ही ब्लँक लावतो. नमुना घालायचाच नाही, बाकी सगळं तेच करायचं. आपल्या काचेत, आपल्या पाण्यात किती खोट आहे ते आधी कळतं. वीस वर्षं मी नव्या पोरांना हे शिकवत होतो.

प्रोग्रॅम बंद केला. सत्याऐंशी. पुन्हा लावला. आठशे. तीनदा करून पाहिलं.

मग मी काय केलं? प्रोग्रॅम काढून टाकला. केतकीने त्या दोन दिवसांबद्दल विचारलं, तर म्हटलं कंपनीकडेच काही बिघाड असेल. ते दोन आकडे वहीत लिहिले नाहीत. आणि वायर — वायर परत जोडायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. जोडली नाही. जोडली असती तर का जोडली ते सांगावं लागलं असतं.

वंदना रविवारी रिक्षाने बाजारातल्या सायबर कॅफेत जायची, साईला घेऊन. फळ्यांच्या खोक्यात बसून, बाजूला कॉलेजची पोरं, अर्धा तास. रोजचं बोलणं आठवड्यावर आलं. पावसाळ्यात तेही चुकायचं. असे चौदा महिने गेले. केतकीचा संघ तोवर कधीच मोडला होता. ती मुंबईला शिकायला गेली होती. राउटरमधली खालच्या वायरची जागा रिकामीच.

दिलीप आला तेव्हा साई त्याच्याकडे जाईना. त्याने हात पुढे केला की आईच्या पदरात. अकरा दिवस. तो हसून म्हणायचा, पासपोर्ट दाखवला तर घेशील का गो? आम्ही सगळे हसायचो. मीही.

बाराव्या दिवशी चहाच्या वेळी त्याने सहज विचारलं, वायर का काढली? मी बोलायच्या आत वंदना म्हणाली,

"लाइनला झेपत नव्हतं. दादांनी मोजून बघितलंय ना. वहीत हाय सगळं."

दिलीपने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "हो."