एकाच महिन्यातली दुसरी मनिऑर्डर

माझं अक्षर चांगलं आहे आणि मला त्याचा गर्व होता, हे आधीच कबूल करून टाकते. त्या अक्षराच्या जोरावर मला नोकरी लागली, आणि त्याच अक्षराने मी एका म्हाताऱ्या बाईचं पोट जवळजवळ मारलं होतं.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत, निराधार शाखेत, मी टेंपररी कारकून होते. ज्यांना मागेपुढे कोणी नाही अशा म्हाताऱ्यांना आणि विधवांना सरकार दरमहा थोडे पैसे द्यायचं. ते मनिऑर्डरने जायचे आणि त्यांचे फॉर्म भरणं हे माझं काम. फॉर्मच्या खालच्या टोकाला एक कुपन असायचं. पैसे घेणाऱ्याने ते फाडून स्वतःजवळ ठेवायचं. त्यावर निरोप लिहायला चार ओळींची जागा असायची, ती मी नेहमी कोरी सोडायचे. सरकारला कोणाला काय निरोप द्यायचा असतो, असं मला वाटायचं.

आमच्या यादीतली पुष्कळ नावं जरीपटक्याच्या बाजारामागे नाल्याकाठी असलेल्या वस्तीतली होती. तिथे पैसे वाटणारा पोस्टमन पन्नाशीचा, हाडकुळा माणूस. सायकलची घंटी कधीची बिघडलेली, म्हणून गल्लीच्या तोंडाशीच तो "पोस्ट!" अशी आरोळी ठोकायचा. वस्तीत बहुतेकांना सही येत नव्हती. तो खिशातून शाईचा पॅड काढायचा, म्हाताऱ्यांचा अंगठा हळूच धरून फॉर्मवर टेकवायचा आणि मग स्वतःच्या रुमालाने तो अंगठा पुसून द्यायचा. त्याचा रुमाल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जांभळा झालेला होता. सही घ्यायला कधी कचेरीत आला की मी त्या रुमालाला हसायचे.

एका वर्षी आमच्या शाखेने गोंधळ घातला. एकाच महिन्याचे फॉर्म दोघांनी भरले आणि सगळ्यांना पैसे दोनदा गेले. चूक आमची, पण वसुली त्यांच्याकडून. वरून हुकूम आला आणि मी झकास अक्षरात नोटीस लिहिली: दुबार घेतलेली रक्कम पुढच्या महिन्यात कापून घेण्यात येईल, आणि यापुढे कोणी दुबार पैसे घेतल्याचं आढळल्यास नाव यादीतून कमी करण्यात येईल. पोस्टमनने ती वस्तीत मोठ्याने वाचून दाखवली. पुढचा महिना त्या लोकांनी कसा काढला, याची चौकशी मी केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला. सकाळी दहाच्या सुमारास पाणी वस्तीत शिरलं आणि दुपारपर्यंत खालच्या अंगाची घरं मातीसकट गेली. माणसं वाचली, कारण दिवस होता. ती बुद्धविहारात आणि मनपाच्या शाळेत जाऊन बसली. मदतीसाठी पंचनामे सुरू झाले, पण पंचनाम्याला रेशनकार्ड लागायचं आणि रेशनकार्डं नाल्यातून कुठच्या कुठे गेली होती. घोंगड्या आल्या, भाताची पातेली आली. पण तवा, चष्मा, दम्याच्या गोळ्या या गोष्टी कोणी पातेल्यात घालून आणत नाही.

आमचे साहेब तसे झोपाळू म्हणून प्रसिद्ध होते. त्या दिवशी मात्र ते माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "वस्तीतले सगळ्यात गरीब कोण, हे शोधत काहून बसले सगळे? ते तं तुमच्या खणात आहेत." खरंच होतं. आमची यादी तयार होती, पोस्टमन तयार होता. साहेबांनी दोन दिवस वरच्यांच्या दारात बसून मंजुरी आणली आणि मी एका बैठकीत वस्तीतल्या सगळ्यांचे जादा फॉर्म भरले. इतकी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती, म्हणून त्या झोपाळू माणसाबद्दल मला पहिल्यांदा आदर वाटला. कुपनं सवयीप्रमाणे कोरी गेली.

फॉर्म गेल्यापासून पाचव्या दिवशी पोस्टमन माझ्यापुढे उभा राहिला. त्याच्या थैलीत माझे सगळे फॉर्म तसेच होते.

"बाई, कोणी घेऊन नाही राहिलं."

"काहून?"

"आमचे या महिन्याचे पैसे तं भेटले, म्हणतात. हे सरकारनं चुकीनं धाडले. घेतले तं मागच्यासारखे कापतीन, अन् वरून नाव बी काढतीन. मले पाहिलं की तोंड फिरवतात. विहारातली ती चष्म्यावाली आजी तं मी आलो की चादर घेऊन झोपते."

मला संताप आला. घरं गेली, अंगावर एक लुगडं उरलं, आणि यांना फुकटचे पैसे नकोत! मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला की ही माझीच नोटीस बोलते आहे. आणि मग पुढचं आठवलं. मनिऑर्डर सात दिवसांत घेतली नाही की ती परत यायची, आणि परत आली की आमच्या नियमाने त्या माणसाचं नाव बंद व्हायचं. ते सुरू करायला पुन्हा अर्ज, पुन्हा दाखले, पुन्हा सहा महिने. नाव जाऊ नये म्हणून ज्या म्हाताऱ्या पैसे नाकारत होत्या, त्यांचं नाव त्या नाकारण्यानेच जाणार होतं. पोस्टमनने पहिल्याच दिवशी 'घेण्यास नकार' असा शेरा मारला असता तर तो मोकळा झाला असता. तो पाच दिवस ते ओझं चिखलातून नेत होता आणि परत आणत होता.

"कुपनावर दोन शब्द लिहा," तो म्हणाला. "मी वाचून दाखवतो."

मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, सरकारी कागदावर आपल्या मनाचं लिहायचं नाही, लिहिलंत तर मी पाहिलेलं नाही. मग खिडकीतून बाहेर बघत बसले. मी पेन उचललं आणि पोस्टमनसोबत निघाले.

विहारात ओल्या कपड्यांचा वास होता. चष्म्यावाली आजी खांबाशी बसली होती. चष्म्याची एक काडी गेलेली, तिथे दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. तिची झोपडी सगळ्यात खालची होती आणि तिचं काहीच उरलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. तिने घेतले तर घेणार, नाही तर नाही.

मी तिथेच बसून कुपनावर लिहिलं: हे पुराचे पैसे आहेत. तुमचे दरमहाचे पैसे वेगळे. हे परत मागणार नाही, पुढे कापणार नाही. पोस्टमनने ते वाचलं.

"कोणं लिहिलं?" आजीने विचारलं.

"या बाईनं. कचेरीतल्या."

"मागच्या साली बी हिनंच लिहिलं होतं ना? कापू म्हणून?" ती माझ्याकडे वळली. "काहून वं बाई? तवा बी तूनंच लिहिलं, आता बी तूच लिहून राहिली. मी कोणतं खरं धरू?"

"तेव्हा चूक आमची होती, आजी," मी म्हटलं. "आणि पैसे तुमचे कापले. ते वाईट झालं." सरकारी नोकर असून मी हे बोलले, याचं मलाच नवल वाटलं.

आजी म्हणाली, "कागदावर सही तं तवा बी होती. आम्ही पैसे घेतो तं आंगठा देतो. तू सांगून राहिली, तं तू बी आंगठा दे."

पोस्टमन चपापला. "आजी, बाईले लिहता येते."

"थे दिसलं मले," आजी म्हणाली.

पोस्टमनने पॅड काढला. मी अंगठा शाईत टेकवला आणि माझ्या सुरेख चार ओळींखाली उमटवला. आजीने कुपन एका डोळ्याजवळ नेलं. ओळींकडे तिने पाहिलंच नाही, अंगठा मात्र निरखून पाहिला. मग स्वतःचा हात पुढे केला. तिने घेतले तसे सगळ्यांनी घेतले, आणि प्रत्येक कुपनावर तेच लिहून मला अंगठा द्यावा लागला. शेवटी पोस्टमनने माझा हात धरला आणि त्या जांभळ्या रुमालाने माझा अंगठा पुसला. मी त्या रुमालाला पुन्हा कधी हसले नाही.

आजीने त्या पैशांतून आधी चष्म्याची काडी बसवली, मग तवा घेतला, असं पोस्टमनने नंतर सांगितलं. कोणत्याही पातेल्यातून तिला ते मिळालं नसतं.

पुढच्या महिन्याचे फॉर्म नेहमीप्रमाणे मीच भरले. आजीची रक्कम पूर्ण लिहिली आणि कुपनाच्या कोऱ्या जागेत लिहिलं: आजी, कापले नाहीत. मग कोणी बघत नाही असं पाहून साहेबांच्या टेबलावरचा शाईचा पॅड उघडला आणि खाली अंगठा दिला.