माझा शर्ट घातलेला बाप

हल्लीच्या सिनेमातले बाप फार चांगले असतात. आमच्या तरुणपणी सिनेमातला बाप जिन्यावर उभा राहून मुलीला घराबाहेर काढायचा. आता तो तिच्यासाठी चहा करतो, तिची स्कूटर ढकलतो आणि शेवटाकडे डोळे भरून "तुला हवं ते कर" म्हणतो. असे पुष्कळ बाप मी थिएटरात आणि मोबाईलवर पाहिलेत. विक्रोळीत मात्र एकही भेटला नव्हता. गेल्या हिवाळ्यात एक थेट माझ्या घरात आला आणि माझाच शर्ट घालून बसला.

माझी मुलगी सिनेमे करते. बरीच वर्षं अंधेरीत राहून दुसऱ्यांचे करत होती; हा तिचा स्वतःचा पहिला. गोष्ट बाप आणि मुलीची. शूटिंग आमच्याच फ्लॅटमध्ये, कारण सेट लावणं परवडणारं नव्हतं. बापाच्या भूमिकेसाठी तिने एक नावाजलेले नट मिळवले होते. ते आधी काही दिवस आमच्याकडे निरीक्षणाला येतील, असं तिने जाहीर केलं.

"कोणाच्या निरीक्षणाला?"

"तुझ्या. तू फक्त नेहमीसारखा वाग."

असं सांगितल्यावर मला धड खुर्चीत बसताही येईना.

नट साकीनाक्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत यायचे, पण उंबरठ्याच्या आत आले की अगदी सज्जन. हेच वाईट. माणूस जरा तरी शिष्ट निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. बायकोने बांगड्याचं तिखलं केलं. ते मी लग्न झाल्यापासून मुकाट्याने खात आलोय. या गृहस्थांनी पहिल्याच घासाला "वहिनी, जिंकलंत" म्हटलं. तिने त्यांना आणखी एक बांगडा वाढला. तो माझ्यासाठी ठेवलेला होता.

बांगड्याचं एक वेळ सोडा. जेवणं झाली की मुलगी त्यांना घेऊन गॅलरीत बसायची आणि बोलत राहायची. मी पेपर कसा दुमडतो, बेल वाजल्यावर आधी लुंगी कशी सारखी करतो, रागावलो की पंखा कसा बंद करतो. माझ्याशी तिचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "हो, जेवले, तू?" एवढंच. ती माझ्याबद्दलच बोलतेय हे मला ऐकू येत होतं. पण बोलत होती त्यांच्याशी. एवढी सगळी बडबड तिच्यात होती, तर मला त्यातलं कधी काहीच का मिळालं नाही, असा विचार करत मी आत टीव्हीचा आवाज वाढवायचो.

शूटिंगच्या दिवशी माझी रवानगी समोरच्या काकूंकडे झाली. दोन्ही दारं उघडी होती, त्यामुळे आमचं स्वयंपाकघर दिसत होतं. मुलगी नोकरीसाठी दिल्लीला निघते, असा प्रसंग. नटांनी मुलीचं काम करणाऱ्या पोरीला मिठी मारली, डोक्यावरून हात फिरवला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"कट," माझी मुलगी म्हणाली. "सर, फार सुंदर. पण मिठी नको. तो फक्त पाण्याची बाटली भरून देतो."

नटांनी बाटली भरली. चेहरा असा, की बाटलीत गंगाजल आहे आणि पलीकडे कोणीतरी शेवटचे श्वास घेतंय. पुन्हा भरली. पुन्हा तेच.

"बाबा, जरा ये रे इकडे. सरांना बाटली भरून दाखव."

सगळं युनिट माझ्याकडे वळलं. याचीच तर मी वाट बघत होतो. बाटली नळाखाली धरली, छताकडे पाहिलं, आवंढा गिळला. मग ती त्या पोरीच्या हातात दिली आणि माझा हात क्षणभर तिथेच राहू दिला. डोळ्यांत थोडं पाणीही आणलं.

"बाबा, हे काय चाललंय?"

"बाटली भरतोय."

"तू असा भरतोस?"

"मग कसा भरतो?"

उत्तर तिने मला दिलं नाही, त्यांना दिलं. "सर, तो नळाकडेच बघतो. बाटली सांडेपर्यंत भरतो, मग पोटावरच्या शर्टाला पुसतो. झाकण इतकं घट्ट लावतो की मला गाडीत कोणाकडून तरी उघडून घ्यावं लागायचं. देताना म्हणतो, 'फ्रीजचं नाही घातलंय, घसा धरेल.'"

"आणि मग?" नटांनी विचारलं.

"मग काही नाही. ओटा पुसायला घेतो. दारापर्यंत येत नाही."

नटांनी पुढच्याच टेकला जमवलं. माझ्या शर्टाला बाटली पुसली, माझं वाक्य म्हटलं, माझा ओटा पुसला. मुलगी "कट" म्हणायची विसरली. तिच्या सहाय्यकाने म्हटलं. तिने कानावरचे हेडफोन काढले आणि मनगटाने नाक पुसलं.

त्याच ओट्यापाशी मी तिला किती बाटल्या भरून दिल्या असतील. तेव्हा तिचं ठरलेलं वाक्य होतं, "बाबा, रिक्षा थांबलीय, आटप ना यार."

चहाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली. "कसं वाटलं?"

"ठीक. शर्ट त्यांना जरा जास्तच शोभतो."

"तुझाच आहे तो."

"म्हणूनच."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, दिवसभर त्या मॉनिटरकडे बघत होती तसं. मग जोरात ओरडली, "आई गं! ए, ऐका रे सगळे, माझा बाप जळतोय! सरांवर जळतोय!"

"कोण जळतंय? गप्प बस."

"नाक बघ, नाक! कसलं फुललंय!" आणि सगळ्यांच्या देखत तिने माझं नाक धरून ओढलं. लाइटवाले हसले. काकू तर खुर्चीचा आधार घेऊन हसल्या.

नट हातात चहाचा कप घेऊन शेजारीच उभे होते. आपण हसावं की नाही हे त्यांना कळेना. ते थोडंसं हसले, आणि कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी हळूच स्वतःच्या नाकाला हात लावला.